हनोईला कोण कोण

पांढुर्णा, २ नोव्हेंबर २०२५

चेन लागत नव्हती म्हणून बाबांनी बॅगेवर गुडघा ठेवला होता आणि मी दोन्ही कडा ओढून धरल्या होत्या, तेवढ्यात तुझा फोन आला. तो त्यांनी घेतला नाही. "त्याले म्हण, हात गुंतले आहेत," एवढंच म्हणाले. मी तसं सांगितलं. तू विचारलंस, कशात? मी म्हटलं, सामान भरण्यात. तू हसलास. म्हणालास, "म्हातारबा कुठे निघाले?"

तुझ्याबरोबर निघाले आहेत, हेमंत.

मग तुझी रेंज गेली. पांढुर्ण्यात रेंज होती, गुडगावातही असावी. म्हणून हे कागदावर लिहिते. व्हॉट्सअॅपवर लिहिलं की तू अंगठा दाखवून मोकळा होतोस. आमच्या शाळेत निकालावर अंगठा लावणारे पालक निदान ओशाळतात तरी.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी तू बाबांना फोन केला होतास. मीही सौंसरहून आले होते, फोन स्पीकरवर होता. हनोईच्या एका विमान कंपनीनं कॅप्टन म्हणून घेतलं, डिसेंबरात रुजू व्हायचं, हे तू सांगितलंस. पुढचे शब्द तुझेच: "कंपनी फॅमिलीलेही नेऊन राहिली बाबा. घर, शाळा, इन्शुरन्स, सगळं." बाबांशी बोलताना तू इकडचं बोलतोस. डिंपल खोलीत असली की बोलत नाहीस, म्हणजे ती खोलीत नसावी. बाबा म्हणाले, "हाव का?" आणि फोन माझ्याकडे दिला. तुला अभिनंदन म्हणून मी परत देईपर्यंत ते कपाटातून शाळा सोडल्याचा दाखला काढत होते. पाडवा झाल्यावर ते पासपोर्टसाठी छिंदवाड्याला गेले. तत्काळची फी भरली, पासपोर्ट आठवड्यात आला. फोटोत त्यांनी केस काळे केले आहेत.

सगळ्या गल्लीला माहीत आहे. समोरचे तुळशीरामकाका म्हणाले, "हनोई म्हंजे हनुमंताचंच गाव असन. जामसांवलीच्या देवळात मारोती झोपून आहे, तिकडं उभा असन." बाबा म्हणाले, "पाहून सांगतो."

मी लक्ष्मीपूजनाच्याच रात्री तुला फोनवर सांगितलं होतं की बाबांचा गैरसमज झालेला दिसतो. तू म्हणालास, "ताई, फॅमिली म्हणजे आम्ही तिघं, मी, डिंपल, उर्वशी. त्यांना कसं काय वाटलं असं?" तू खरोखर चकित झाला होतास. तेवढ्यापुरता तू खोटं बोलत नव्हतास. मग म्हणालास, योग्य वेळ बघून बोलतो. योग्य वेळ ही विमानतळावर असते. इथे बाबांनी मोजे भरले आहेत.

सांग त्यांना. मी सांगणार नाही. एकच वाक्य आहे: बाबा, मी तुम्हाला नेत नाही. तुझं मराठी कच्चं आहे हे मान्य, पण यात जोडाक्षरसुद्धा फक्त एक आहे.

प्रतिभा


सौंसर, ११ नोव्हेंबर

तू फोन केलास हे कळलं. सांगितलं नाहीस हेही कळलं, कारण दुसऱ्याच दिवशी बाबांनी दोन सुती बंड्या शिवायला टाकल्या. विचारलं तर म्हणाले, हेमंत म्हणे तिकडं हवा लय दमट आहे, तुम्हाले मानवणार नाही. मंग सुती पायजे.

हा तुझा पहिला प्रयत्न. दुसऱ्यांदा तू म्हणालास, तिकडे जेवण वेगळं, काड्यांनी खातात. त्यांनी बांबूच्या दोन काड्या तासून घेतल्या. रोज सकाळी पोह्यातले शेंगदाणे उचलायला बसतात. शेंगदाणे पळतात. "सुरवातीले पळतेच," म्हणतात. तिसऱ्यांदा तू म्हणालास, या वयात इन्शुरन्स मिळत नाही. ते नागपूरला जाऊन स्वतःला सगळीकडून तपासून आले. डॉक्टर म्हणाला, बाबूजी, तुमचं हृदय माझ्यापेक्षा चांगलं आहे. हे वाक्य ते रस्त्यात भेटेल त्याला सांगतात. तुझ्या प्रत्येक सबबीला ते एक वस्तू विकत आणतात. भाषेची सबब राहिली आहे, ती काढू नकोस. ते शिकतील, आणि आम्हाला ऐकावी लागेल.

तू घरातसुद्धा विमानातल्यासारखा बोलतोस. थोडा विलंब आहे, कारण आमच्या हातात नाही, आपल्या सहकार्याबद्दल आभारी आहोत. मी तुझ्या विमानात एकदाच बसले, नागपूर ते दिल्ली. उतरायच्या आधी तू सगळ्यांना सांगितलंस की वारा आहे, धक्का बसेल, पट्टे बांधा. बसला धक्का. कुणी ओरडलं नाही, आधी माहीत होतं म्हणून. माझ्या शेजारच्या बाईनं टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, हे तुला कधी सांगितलं नाही.

परवा डिंपलचा फोन होता. "ताई, बाबांचं मला काहीच नाही हं. पण उर्वशीची शाळा, नवीन जागा, ह्यांची ड्युटी अशी. तुम्हीच सांगा ना त्यांना. तुम्ही जवळ असता." तिचं वाक्य निदान पूर्ण झालं. जवळ असणं ही माझी पदवी आहे, एम.ए.च्या नंतरची. वर्ध्याच्या कॉलेजात नोकरी लागली होती तेव्हा आई अंथरुणावर होती आणि तू फ्लाइंग स्कूलमध्ये होतास. त्याबद्दल मला काही लिहायचं नाही.

दुसरी बातमी महत्त्वाची आहे, ती नीट वाच. बाबांनी घर भाड्यानं दिलं. बँकेचा नवीन मॅनेजर आला आहे, बैतूलकडचा, त्याला. एक डिसेंबरपासून. म्हणजे तू तोवर बोलला नाहीस तर एक डिसेंबरला बाबांच्या हातात पासपोर्ट असेल आणि राहायला घर नसेल. माझ्याकडे सौंसरला दोन खोल्या आहेत. एकीत पुस्तकं आहेत.

शाळेत सगळे म्हणतात, चला मॅडम, आता दर रविवारची पांढुर्ण्याची बस सुटली तुमची. नागपूरच्या एका ग्रंथालयाचं सभासदत्व घेतलं आहे, ते फक्त रविवारी जमण्यासारखं आहे. हे आपलं कळवलं.

प्र.


सौंसर, १७ नोव्हेंबर

सत्कार तुझा होता. तू आला नाहीस. ड्युटी लागली असं तू गजेंद्रला कळवलंस, आम्हाला नाही.

गजेंद्र हा पेन्शनर संघाचा सचिव, तुझ्या वर्गात होता, संघात सगळ्यांत तरुण तोच, कारण तो पेन्शनर नाही. त्याला माईक आवडतो. त्यानं बॅनर केला होता: पांढुर्ण्याचे सुपुत्र कॅप्टन हेमंत यांचा परिवारासह विदेशगमनाप्रीत्यर्थ भव्य सत्कार. तुमच्या तिघांच्या फोटोत तुझ्या आणि डिंपलच्या मध्ये बाबांचा फोटो चिकटवला होता, पासपोर्टवरचाच. बाबा विमानापेक्षा मोठे आणि तुझ्यापेक्षा तरुण दिसत होते.

गजेंद्र म्हणाला, "कॅप्टन साहेब सध्या आकाशात आहेत. त्याईच्या वतीनं आपले बडे बाबू शाल स्वीकारतीन." हेडक्लार्की सुटली तरी बाबा गावाचे बडे बाबूच.

मागच्या रांगेतून आपल्या शेजारच्या वच्छलाबाई म्हणाल्या, "सत्कार ज्याचा तो हवेत, अन् शाल बापाच्या अंगावर. लग्नात तरी होता का बाप्पा तो?"

सगळे हसले. बाबाही हसले. शाल पांघरल्यावर तुळशीरामकाकांनी विचारलं, "बडे बाबू, तिकडं सकाळी चहाले कोणाच्या ओट्यावर बसान?"

"चवदाव्या माळ्यावर घर आहे, तिथं ओटा नसते. खिडकीत बसीन."

"खिडकीतून कोणाले बोलान?"

"पाखरायले. तुह्यापेक्षा कमी बोलते ते."

"अन् साप खातेत म्हणे तिकडले लोकं."

"मंग तं काही चिंताच नाही," बाबा म्हणाले. "सारी नोकरी सापायच्याच पंगतीत जेवलो."

निवृत्त बाबूंच्या दोन रांगा यावर फार हसल्या. प्रत्येकाला साप म्हणजे शेजारचा वाटला.

मग भाषण. तुला वाटेल ते लांबले असतील. नाही. ते म्हणाले, "माह्या पोरानं मले कधी मांगं ठेवलं नाही." टाळ्या झाल्या. टाळ्या चालू असताना ते माझ्याकडे बघत होते. मला त्या बघण्याचा अर्थ लागला नाही. मी कमरेवर हात ठेवून जेवणाच्या पातेल्यांकडे बघितलं.

रात्री तुझा मेसेज: थँक्स ताई, तू सांभाळून घेतलंस. मी काही सांभाळलं नाही. मी वरण वाढलं. आणि माणसं खोटं किती आवडीनं जेवतात ते पाहिलं. तुझ्याबद्दल या गावात कुणालाही काही माहीत नाही, तू किती तास उडतोस, कुठे राहतोस, काय खातोस. तू वर असतोस एवढं त्यांना पुरतं. तू इथे राहून पटवारी झाला असतास तर त्यांनी तुला ओळखलं असतं आणि शाल दिली नसती.

डिंपल म्हणते तीस तारखेला तुम्ही निरोप घ्यायला येता. ये. पण निरोप कुणाचा घ्यायचा हे ठरवून ये. बाबांच्या मते ते तुमच्याबरोबरच गाडीत बसणार आहेत. समोर बस आणि सांग. ते रागावतील, किंवा गप्प बसतील, किंवा तुला दोन शब्द सुनावतील. कंट्रोल टॉवर तुला रोज सुनावतो, तेव्हा तू "रॉजर" म्हणतोसच ना?

प्रतिभा


सौंसर, २ डिसेंबर

हनोईचा पत्ता डिंपलनं दिला. तू दिला नव्हतास.

तुमची गाडी वळली त्यानंतरचं तुला माहीत नाही, म्हणून लिहिते. त्याआधीचं माहीत आहे, पण तू ते वेगळं लक्षात ठेवशील, म्हणून तेही लिहिते.

तुम्ही नागपूरहून भाड्याच्या गाडीनं आलात. जेवलात. पाटोडी दोनदा घेतलीस आणि अशी तिकडे मिळायची नाही असं म्हणालास. बाबा म्हणाले, डब्यात देतो. बॅग दारातच उभी होती. तुम्ही तिघंही तिला वळसा घालून आत-बाहेर करत होता. उर्वशीनं एकदाही विचारलं नाही की ती कुणाची. नऊ वर्षांच्या मुलीनं विचारायला हवं होतं. म्हणजे घरी तिला सांगून ठेवलं होतं. तिला सांगता आलं तुम्हाला.

तीनपर्यंत तू ओट्यावर उभा राहून फोन बघत होतास. मग आत आलास, बाबांच्या पाया पडलास, आणि वाकलेला असतानाच बोललास. तोंड जमिनीकडे होतं.

"बाबा, तुमच्या व्हिसाचं चालू आहे. आम्ही जाऊन थोडं सेटल होतो, मग बोलावून घेतो."

"हाव," बाबा म्हणाले.

"महिन्या-दोन महिन्यात."

"हाव."

"टेन्शन घेऊ नका."

"मी काहून घेऊ?"

डिंपलनं डोळे पुसले. ती रडू शकते हे पाहून मला बरं वाटलं, तिच्याकडून माझी तेवढीही अपेक्षा नव्हती. तू माझ्याकडे वळलास आणि हळू म्हणालास, "बघ, झालं ना नीट?" गाडी गेली. वच्छलाबाई दारातून म्हणाल्या, "हे का बाप्पा? बडे बाबू राहूनच गेले?" बाबा म्हणाले, "माहं विमान मांगून येऊन राहिलं."

मग ते आत येऊन खुर्चीत बसले. ऊन अजून भिंतीवर होतं. मी ठरवलं की आता मीच सांगायचं. तू ज्या वाक्याला महिनाभर घाबरलास ते मी उभ्यानं म्हटलं.

"बाबा, तो खोटं बोलला. व्हिसा-बिसा काही नाही. तो तुम्हाले नेत नाही."

"पता आहे मले."

"कधीपासून?"

"दिवाळीपासून."

कुणी सांगितलं, मी विचारलं. ते चिडले.

"फॅमिली म्हंजे का, हे मले शिकवता का तुम्ही भाऊबहीण? सारी उमर सुट्टीच्या अर्जात लिहिलं, फॅमिली बीमार आहे. फॅमिलीले मायकेहून आणायचं आहे. साहेब कधी पुसे का, की बडे बाबू, फॅमिलीत कोण कोण? त्याले समजे, जयवंता. तुही माय. हेमंत म्हणे फॅमिलीले नेऊन राहिलो, तवाच समजलो, बायको-पोरगी घेऊन चालला."

"मंग पासपोर्ट? त्या बंड्या? त्या काड्या?"

"पाहून राहिलो होतो, तो तोंडानं म्हणते का. एवढी माणसं हवेतून खाली आणते. बापाले नाही म्हणता येते का, पाहून राहिलो होतो." मग म्हणाले, "दमट हवा म्हणे. इन्शुरन्स म्हणे. अन् आज तं पायात तोंड घालून बोलला."

मी तुला लिहिलं होतं की तुझ्या प्रत्येक सबबीला ते वस्तू आणतात. मला ते भोळे वाटले. मी त्यांची कीव केली, हेमंत, महिनाभर, आणि ती करताना मला बरं वाटत होतं. ते दर वेळी तुला आणखी एक संधी देत होते आणि माझ्या हातून बॅगेची चेन लावून घेत होते.

मी विचारलं, "आणि घर? उद्या मॅनेजर सामान घेऊन येते."

"येऊ दे न."

"तुम्ही कुठं राहाल?"

"कुठं म्हंजे? तुह्याकडं. सौंसरले." मीठ कुठे आहे असं विचारल्यावर सांगावं तसं ते म्हणाले. "दोन खोल्या आहेत न तुह्याकडं. बस झाल्या. पुस्तकं एका भिंतीले लाव."

"मले इचारलं नाही तुम्ही."

"तुले का इचारायचं? तू तं घरचीच आहे."

तुझ्याकडून त्यांना एक वाक्य ऐकायचं होतं. त्यासाठी त्यांनी पासपोर्ट काढला, केस रंगवले, गावासमोर शाल घेतली. माझ्याकडून त्यांना काहीच ऐकायचं नव्हतं. बॅग भरली तेव्हाच ती सौंसरला जायची होती, आणि ते त्यांना माहीत होतं, मला नाही. मी एकदा विचारलं असतं तर त्यांनी सांगितलंही असतं. मी विचारलं नाही, कारण मी हनोईच्या गोष्टीत फार रमले होते. मला रविवार मिळणार होते.

मला कारणं सुचत होती. सौंसरच्या घराचा जिना अरुंद आहे. पाणी एक दिवसाआड येतं. शाळेच्या वेळात तुम्ही एकटे पडाल. सगळी खरी आहेत. ती ओळीनं तोंडाशी आली आणि मला तुझा आवाज ऐकू आला, विमानातला.

मी म्हटलं, "बाबा, तुम्ही माह्याकडं राहाले यायचं नाही. मले नाही पायजे."

समोर तुळशीरामकाकांच्या घरी टीव्ही चालू होता, त्यातली बाई दागिन्यांबद्दल बोलत होती. बाबांनी चष्मा काढला, पुसला नाही, नुसता मांडीवर ठेवला. मला वाटलं ते मला आईचं नाव घेऊन काही बोलतील. त्याची माझी तयारी होती. आईच्या आजारपणाची सगळी वर्षं माझ्या बाजूनं होती, ती मी एकदम टाकली असती.

ते म्हणाले, "पष्ट बोलली."

मग चष्मा परत लावून म्हणाले, "तुह्या मायले नसतं जमलं."

"रविवारी येत जाईन," मी म्हटलं.

"आली तं ये. नाही आली तं तसं सांग."

मग उठून त्यांनी हातपाय धुतले आणि भाताला आधण ठेवलं. माझ्यासाठी ठेवलं की नाही ते मी विचारलं नाही. दोघं जेवलो.

आता तुझ्यासाठी. ते तुला दर फोनला विचारणार आहेत, व्हिसाचं काय झालं. मला तसं सांगितलं आहे. "पुसत राहीन त्याले. पाहू, किती दिवस चालवते." मी म्हटलं, मी हे सगळं त्याला लिहिणार आहे. ते म्हणाले, "लिही. त्याले फरक पडत नाही." तेव्हा आता तुला माहीत आहे की त्यांना माहीत आहे. ते विचारतील, आणि तू सांगशील की चालू आहे. मला तुझ्याकडून दुसरी कसलीही आशा नाही. हनोईत हवा कशी आहे ते कळवू नकोस.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅनेजरचा टेम्पो आला. बाबांनी त्याला ओट्यावर बसवून चहा पाजला आणि घर देत नाही म्हणून सांगितलं. मॅनेजर चिडून गेला. मी सौंसरची बस धरली, शाळा होती.

प्रतिभा